नाव बदलल्याने व्हिडिओ चालत नाही

जळगाव-धुळ्याकडे लग्नाच्या चित्रीकरणाचा पेनड्राइव्ह संगणकाला लावला आणि हळदीच्या गाण्यांचा आवाज येऊनही पडदा काळाच राहिला, की ‘फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलून एमपी४ करा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. एमपी४ किंवा एमकेव्ही हा केवळ डबा असून, आतील चित्र कोणत्या कोडेकने, म्हणजे चित्र आवळण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीने, आवळून भरले आहे यावर ते दिसणे अवलंबून असते. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतल्या शेवभाजीचे भरीत होत नाही. आजचे अनेक मोबाइल २०१३ साली प्रमाणित झालेला एच.२६५ हा कोडेक वापरतात. २००३ च्या एच.२६४ पेक्षा तो जागा कमी घेतो, परंतु जुन्या संगणकातील प्लेअरला तो उलगडता येतोच असे नाही. व्हीएलसीसारखा, कोडेक सोबतच घेऊन येणारा प्लेअर वापरल्यास बहुधा काम भागते. तरीही चित्र अडखळले, तर प्रोसेसर कमी पडत असण्याचा संभव अधिक, आणि अशा वेळी हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने फाइल एच.२६४ मध्ये रूपांतरित करून घ्यावी. चित्रीकरण चालू असतानाच कॅमेऱ्याची बॅटरी संपली असेल, तर मात्र एमपी४ च्या शेवटी लिहिली जाणारी अनुक्रमणिकाच अनेकदा राहून गेलेली असते. तिथे प्लेअर बदलून सहसा उपयोग होत नाही, दुरुस्तीचे वेगळे सॉफ्टवेअर लागते.