चौकातली दंगल, कानातली दंगल: रस्त्यावरच्या ऐतिहासिक खेळांची पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईत ‘हेरिटेज वॉक’च्या जोडीला आता ‘ट्रेझर हंट’ही होतात. फोनवर कोडं येतं, चारजणांचा गट गल्लीबोळातून एखाद्या वाड्याच्या दिंडी दरवाजापर्यंत धावतो, पाटीवरचं साल वाचतो, उत्तर टाकतो आणि पुढच्या कोड्याकडे पळतो. मजा येते, यात शंका नाही. पण बऱ्याचदा ती चालती-बोलती सामान्यज्ञानाची परीक्षाच असते. इतिहास खेळून पाहायचा म्हणजे नक्की काय करायचं, या प्रश्नाशी काही लोकांनी बरीच वर्षं झटापट केली आहे. त्यातला सगळ्यात बोलका प्रयोग २००४ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात, क्वीन स्क्वेअर नावाच्या चौकात झाला. तो समजायचा तर आधी १८३१ मध्ये जावं लागतं.

त्या काळी ब्रिस्टलची वस्ती लाखाच्या घरात आणि मतदार जेमतेम सहा हजार. मताचा हक्क वाढवणारं सुधारणा विधेयक ऑक्टोबर १८३१ मध्ये लॉर्ड्सच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाने फेटाळलं. या विधेयकाचे कट्टर विरोधक सर चार्ल्स वेदरेल हे ब्रिस्टलचे न्यायाधिकारीही होते, आणि ब्रिस्टलच्या लोकांना ही सुधारणा नकोच आहे, असं ते लंडनमध्ये बिनदिक्कत सांगत. शनिवारी २९ ऑक्टोबरला हे गृहस्थ न्यायदानासाठी शहरात आले आणि दगडफेक सुरू झाली. ते उतरले होते क्वीन स्क्वेअरमधल्या मॅन्शन हाऊसमध्ये, म्हणजे महापौरांच्या सरकारी निवासात. जमावाने ते फोडलं, तळघरातली दारू लुटली. वेदरेलसाहेब वेष पालटून छपरांवरून निसटले. रविवारी तुरुंग फोडून कैदी सोडवले गेले, बिशपचा वाडा जळला, मॅन्शन हाऊस आणि कस्टम हाऊस जळलं, चौकाच्या दोन बाजू आगीत गेल्या. सैन्याचा अधिकारी कर्नल ब्रेरटन गोळीबाराला तयार नव्हता. सोमवारी पहाटे मात्र तलवारी उपसून घोडदळ चौकात घुसलं. जानेवारीत चौघांना फाशी झाली. ब्रेरटनवर लष्करी खटला उभा राहिला आणि तो चालू असतानाच त्याने स्वतःवर गोळी झाडली. महापौरांवरही खटला झाला, पण ते निर्दोष सुटले. विधेयक १८३२ मध्ये मंजूर झालं.

या गोष्टीत आपल्याकडचाही एक धागा आहे. राजा राममोहन रॉय १८३१ पासून इंग्लंडमध्येच होते आणि या विधेयकाचे खंदे समर्थक होते. १८३३ मध्ये त्यांचं निधन झालं तेही ब्रिस्टलजवळच्या स्टेपलटनमध्ये. आज शहराच्या कॉलेज ग्रीनवर त्यांचा पुतळा आहे. क्वीन स्क्वेअरपासून तिथे चालत जाता येतं.

खेळ करण्याजोगं या दंगलीत काय आहे? उत्तर सोपं आहे: तिचा निकाल अजून लागलेला नाही. ते दारुडे लुटारू होते की हक्क मागणारे नागरिक? ब्रेरटन भित्रा होता की माणुसकी असलेला? अभियंता ब्रुनेल त्याच दिवसांत क्लिफ्टनच्या झुलत्या पुलासाठी शहरात होता आणि तात्पुरता शिपाई म्हणून त्यानेही शपथ घेतली. म्हणजे शहराचा लाडका माणूस जमावाच्या विरुद्ध बाजूला. अशा भांडणाला एका पाटीवर दोन ओळींत बसवणं अवघड. चौकात राजा तिसऱ्या विल्यमचा घोड्यावरचा पुतळा त्या सगळ्या जाळपोळीतही उभा होता आणि अजून आहे, पण तो तर काही सांगत नाही.

आता थोडं चौकाबद्दल, कारण त्याच्याशिवाय हा खेळ झालाच नसता. १९३०च्या दशकात शहराच्या नियोजनकर्त्यांनी या चौकातून तिरपा हमरस्ता काढला. पुढची पन्नासेक वर्षं मधोमध गाड्यांची वर्दळ. १९९०च्या दशकात हा रस्ता बंद करून उखडला गेला आणि चौक पुन्हा हिरवळीचा झाला. वर मोकळं आभाळ, पायाखाली गवत, गाडीखाली येण्याची भीती नाही. दुसरीकडे, मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी वापराच्या उपग्रह-संकेतांत मुद्दाम घातलेला गोंधळ काढून टाकला. तोवर हातातलं जीपीएस यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं, ते एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आलं. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमधल्या रानात कुणीतरी एक डबा पुरून त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि ‘जिओकॅशिंग’ हा लपवलेले डबे शोधण्याचा खेळ जन्माला आला. शंभर मीटरच्या चुकीत अख्खा चौक गडप होतो. दहा मीटरच्या चुकीत चौकाचे कोपरे वेगळे ओळखता येतात. दंगलीचं नाटक चौकभर पेरायला एवढं पुरेसं होतं.

हे नाटक म्हणजे ‘रायट! १८३१’. ह्यूलेट-पॅकार्ड या संगणक कंपनीची प्रयोगशाळा आणि ब्रिस्टल विद्यापीठ यांच्या ‘मोबाइल ब्रिस्टल’ प्रकल्पातून ते उभं राहिलं. संहिता लिहिली राल्फ हॉइट आणि लिझ मिल्नर यांनी. तीन आठवडे प्रयोग चालला. पाठीवर पिशवी, पिशवीत तळहातावर मावणारा छोटा संगणक आणि उपग्रह-संकेत पकडणारं यंत्र, कानाला हेडफोन. बस्स. नट एकही नाही, रंगमंच म्हणजे गवत. तुम्ही चालाल तसे आवाज बदलत: इथे लुटीची वाटणी, तिथे दोन प्रेमिकांची कुजबुज, पलीकडे घोडदळ. कुठून सुरुवात करायची, कुणाचं पूर्ण ऐकायचं, कुणाला अर्ध्यावर सोडून पुढे जायचं, हे ऐकणाऱ्यावर. एखाद्याला दंगेखोरच जास्त भेटत, दुसरा अधिकाऱ्यांच्या घोळक्यात अडकून बसे. दोघांच्या डोक्यात दोन निराळ्या दंगली तयार होत.

संशोधकांना यात एक गंमत सापडली. लोकांना सगळ्यात जास्त भिडे तो योगायोग: कानातला प्रसंग आणि डोळ्यांसमोरची खरी जागा अचानक जुळून येण्याचा क्षण. असे क्षण लिहून घडवता येत नाहीत, त्यांना जागा ठेवता येते. माझ्या मते रस्त्यावरच्या खेळाचं सगळं मर्म इथे आहे. संग्रहालयात असा योगायोग होत नाही, कारण तिथे अनपेक्षित काही घडू नये याची चोख व्यवस्था असते.

ही कल्पना मात्र यंत्रातून आली नव्हती. १९५०च्या दशकात पॅरिसमध्ये गी दबोर हा फ्रेंच विचारवंत आणि त्याचे साथीदार शहरात ठरवून बेठरवलेपणाने भटकत. कामाचा रस्ता सोडायचा आणि शहर जिकडे ओढेल तिकडे जायचं. दबोरने एका मित्राची हकीकत लिहून ठेवली आहे: तो लंडनचा नकाशा हातात घेऊन जर्मनीतल्या हार्ट्‌स डोंगराळ भागात फिरला, नकाशातल्या सूचना अगदी इमानेइतबारे पाळत. वेडेपणाच, पण रस्ता म्हणजे खेळाचा पट असं मानायची सवय अशा वेडेपणातूनच लागली. कॅलिफोर्नियात १९७३ मध्ये ‘न्यू गेम्स’वाल्यांनी बघ्यांना खेळाडू करणारे मोठे मैदानी खेळ भरवले. २००१ मध्ये ‘ब्लास्ट थिअरी’ या ब्रिटिश नाट्यगटाने शेफील्डच्या रस्त्यांवर पकडापकडी मांडली. त्यांचे धावपटू खऱ्या रस्त्यावर, आणि पळणारे खेळाडू घरी संगणकावर. त्यांच्यात इतिहास नव्हता, फक्त शहर होतं. इतिहास आत शिरला तो ब्रिस्टलसारख्या ठिकाणी.

पुढे याच शहरात रस्त्यावरच्या खेळांचा उत्सव भरू लागला. गर्दी मात्र इतिहासापेक्षा प्रेतांना जास्त झाली: २०१० मध्ये ब्रिस्टलमध्ये सुरू झालेल्या एका रात्रीच्या खेळात लोक पैसे देऊन झोंबींपासून पळत, आणि तो खेळ ब्रिटनभर फिरला. इतिहासाची वाट अरुंद राहिली, पण बंद पडली नाही. २०१२ मध्ये शेजारच्या बाथमध्ये, १७९५ साली उघडलेल्या सिडनी गार्डन्स या बागेत, होलबर्न संग्रहालयाच्या सहकार्याने एक खेळ झाला. त्यात आधुनिक यंत्र लाकडी पेटीत दडवलं होतं, आणि पात्रांनी पुढे काय करायचं ते पेटी हातात धरणाऱ्याला ठरवावं लागे. पेटीची ही युक्ती मला फार आवडते. फोन हातात असला की माणूस मेसेज बघतो.

आपल्याकडे हा वारसा कोरा नाही. गणपतीतले जिवंत देखावे म्हणजे रस्त्यावरचं ऐतिहासिक नाटकच. ध्वनिमुद्रित निवेदन, धूर, अफजलखान, टाळ्या, आणि स्वयंसेवकाची शिट्टी: “पुढे चला, पुढे चला!” पण तिथे आपण बांबूच्या कठड्याअलीकडचे बघे. खेळ खरा दिवाळीच्या किल्ल्यात आहे. पोती, दगड, लाल माती, वर पेरलेले अळीव. चिखलाचे हात घेऊन बसलेल्या पोराला ठरवावं लागतं की दरवाजा कुठे. सरळ समोर ठेवला तर शेजारचा भिडू लगेच म्हणतो, “अरे, शत्रू थेट आत येईल की!” मग दोन बुरूज पुढे ओढले जातात, दरवाजा त्यांच्या आड जातो, आणि रायगडाच्या महादरवाजाला गोमुखी का म्हणतात ते कुणी न शिकवता कळतं. बेळगावात तर मोठाले दादा लोकही याच कामाला लागतात.

मग आपल्या शहरात, न मिटलेल्या भांडणाचा चौक कोणता? मला १९४६ची मुंबई दिसते. १८ फेब्रुवारीला ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर नौसैनिकांनी संप पुकारला, तो जहाजाजहाजांवर पसरला, लोकांनी गेटवेपाशी येऊन खलाशांना खायला दिलं, २१ तारखेला फोर्टातल्या कॅसल बॅरॅक्स या नौदलाच्या छावणीवर गोळ्या चालल्या, दुसऱ्या दिवशी शहर बंद, आणि २३ला संपकऱ्यांनी शरणागती पत्करली. रस्त्यावर दोनशेहून जास्त माणसं मेली. काँग्रेस आणि मुस्लिम लीगच्या नेत्यांनी संप मागे घ्यायला सांगितलं, ते बरोबर की चूक, यावर वाद अजून घालता येतो. २०१७ मध्ये कलाकार विवान सुंदरम यांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहाजासारख्या पोलादी कक्षात या बंडाचं ध्वनिनाट्य उभं केलं होतं. ते एका दालनात, बसून ऐकायचं.

रस्त्यावर आणायचं तर अडचणी रोकड्या आहेत. बॅरॅक्सच्या आत नौदल, तिथे आपल्याला प्रवेश नाही. फोर्टातल्या उंच इमारतींत संकेत आपटून भलतीकडे जातात. शहीद भगतसिंग मार्गावर हेडफोन लावलेला माणूस बेस्टच्या बससमोर सोडणं हा गुन्हाच. पण रविवारी सकाळी हॉर्निमन सर्कलची बाग आणि टाऊन हॉलच्या पायऱ्या बऱ्यापैकी मोकळ्या असतात. बॅरॅक्स तिथून हाकेच्या अंतरावर. खलाशी, इंग्रज अधिकारी, काँग्रेसचा कार्यकर्ता, घाबरलेला दुकानदार, अशा चार आवाजांनी सुरुवात करता येईल.