आइजिन की कोइबितो? सुरीवर कोरण्याआधी

मामेभाऊ कंपनीच्या कामासाठी तोक्योला गेला होता. तिथे उएनो आणि आसाकुसा यांच्या मध्ये काप्पाबाशी नावाचा रस्ता आहे, सगळा हॉटेलवाल्यांच्या भांड्यांचा आणि सुऱ्यांचा. सुरी घेतली की बरीच दुकानं पात्यावर नाव कोरून देतात, आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव घालून देतात तसं. लग्नाच्या वाढदिवसासाठी त्याने बायकोला सुरी पसंत केली (ती स्वयंपाकात दर्दी आहे, गैरसमज नको) आणि मला व्हॉट्सअॅपवर दोन कांजी अक्षरं (जपानीत वापरली जाणारी चिनी अर्थाक्षरं) पाठवली. "पहिलं प्रेम, दुसरं माणूस. म्हणजे प्रिय व्यक्ती. बरोबर ना?"

सुटी अक्षरं दोन्ही बरोबर होती. पण ती जोडून होणारा शब्द 'आइजिन', आणि आजच्या जपानीत आइजिन म्हणजे लग्नाबाहेरचं प्रकरण. ठेवलेली बाई, किंवा ठेवलेला बाप्या. शब्दाला पूर्वी हा डाग नव्हता, आता तो पक्का बसलाय. गंमत अशी की हीच दोन अक्षरं चिनी भाषेत नवऱ्याला किंवा बायकोला उद्देशून बिनदिक्कत वापरतात. ऑफिसातल्या एखाद्या चिनी माणसाला त्याने विचारलं असतं, तर त्याने खुशाल मान डोलावली असती.

मग त्याला हवा असलेला शब्द कोणता? भाषांतराचं अॅप दुसरा पर्याय दाखवतं 'कोइबितो'. यातही माणूस तोच, प्रेमाचं अक्षर मात्र वेगळं: 'आइ'च्या जागी 'कोइ'. कोइबितो म्हणजे ज्याच्याशी जमलंय तो किंवा ती. शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखा आहे, पण लग्नाआधीचा. संसार मांडून बसलेल्या बायकोला कोइबितो म्हटलं तर लाडीक वाटेल, किंवा "कुणासाठी घेतलेली सुरी ही?" असा प्रश्न येईल.

आइ आणि कोइ, दोन्हींचं मराठी 'प्रेम' असंच होतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कोइ ही ओढ आहे. आठव्या शतकातल्या मान्योशू या काव्यसंग्रहात हा शब्द काही ठिकाणी 'एकटं' आणि 'दुःख' अशा दोन अक्षरांनी लिहिलेला सापडतो. म्हणजे आपल्या विरहाला लागूनच. जे जवळ नाही त्याच्यासाठी जीव टाकणं, ते कोइ. आइ त्या मानाने स्थिर आहे. आईबापांचं, मुलांचं, जोडीदाराचं, कामावरचं प्रेमही त्यात मावतं.

पण आइ काही मुळापासून सोज्वळ नाही. बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनीत गेले तेव्हा तृष्णेसाठी हेच अक्षर वापरलं गेलं, आणि त्याच अर्थाने ते जपानला पोचलं. आसक्ती, जिच्यातून सुटायचं ती. पुढे १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला उतरला. त्याच्या मागून आलेल्या जेझुइट ख्रिस्ती धर्मप्रसारकांना देवाचं प्रेम जपानीत सांगायचं होतं आणि तृष्णेचा वास असलेला शब्द चालणार नव्हता. त्यांनी 'ताइसेत्सु' हा शब्द घेतला: मोलाचं, जपायचं. आइला आजचा उजळ अर्थ रुळला तो मेइजी काळात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, युरोपीय पुस्तकांची भाषांतरं होऊ लागली तेव्हा. त्यामुळे योनेझावाच्या उएसुगी देवस्थानात नाओए कानेत्सुगु या सामुराईचं शिरस्त्राण आहे, त्यावर धातूचं मोठं आइ बघून कुणी विरघळू नये. ते अक्षर एका युद्धरक्षक देवतेच्या नावातलं असावं असं मानतात.

दोन्ही अक्षरांत 'हृदय' हे चिन्ह आहे. आइमध्ये ते मधोमध, कोइमध्ये तळाशी. यावर जपान्यांची ठरलेली कोटी आहे: आइमध्ये हृदय मध्ये, म्हणून खरं मन, कोइमध्ये हृदय खाली, म्हणून 'शितागोकोरो'. शब्दशः खालचं मन, अर्थ मनातला छुपा डाव. हे व्युत्पत्तीशास्त्र नव्हे, पण कोरताना उपयोगी पडतं. कोरणाऱ्याच्या संगणकात चिनी सोपी लिपी असेल तर आइमधलं हृदय गायबच होतं, त्या लिपीत ते काढून टाकलंय. म्हणून नमुना हातात आला की आधी मधलं हृदय शोधा. आणि कोइ नुसतं उच्चाराप्रमाणे, हिरागाना या जपानी उच्चारलिपीत कोरलंत तर ते प्रेम आहे, तळ्यातला कार्प मासा आहे, की "इकडे ये" असा हुकूम, ते वाचणाऱ्यानेच ठरवायचं.

तपासायचं ते जोडून झालेला शब्द. गायिका आरियाना ग्रांडेने २०१९ मध्ये 'सात अंगठ्या' म्हणून तळहातावर दोन अक्षरं गोंदवली, ती जोडून 'शिचिरिन' झाली: कोळशाची छोटी शेगडी. पूर्ण शब्द शोधयंत्रात टाकून चित्रं बघितली असती तर शेगड्याच दिसल्या असत्या. आणि जपानी येणाऱ्याला "याचा अर्थ काय?" असं विचारू नका. "हे बायकोला देऊ का?" असं विचारा.

मी भावाला सांगितलं, एकटं आइ कोर किंवा 'कान्शा', म्हणजे कृतज्ञता. जपानी लोक भेटवस्तूवर हा शब्द मनापासून घालतात. त्याला मात्र जेझुइटांचं ताइसेत्सु आवडलं. मग त्याला त्यातली अक्षरं सुटी करून दाखवावी लागली: 'मोठं' आणि 'कापणं'. शब्द मोलाचा, पण सुरीच्या पात्यावर तो वाचून दुकानदार आधी हसेल आणि मग कोरेल.

शेवटी बायकोचं नाव घातलं, काताकानात, म्हणजे परक्या नावांसाठीच्या जपानी उच्चारलिपीत. जपानीत 'ल' नाही, त्यामुळे नावातल्या 'ल'चा 'रु' झालाय. तिने सुरी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "धार कुठून लावून आणायची याला?"