डब्यात पाणी येतं कुठून?

जून जवळ आला की बाजारात शाळेच्या डब्यांच्या जाहिराती सुरू होतात आणि दरवर्षी त्यांत एक शब्द ठळक असतो: हवाबंद. चारी बाजूंनी क्लिपा, झाकणाला सिलिकॉनची रिंग आणि खाली आश्वासन, की आता काही सांडणार नाही, दप्तर खराब होणार नाही, पदार्थ सकाळसारखा ताजा राहील. दप्तराबद्दलचं आश्वासन बऱ्याच अंशी खरं आहे. ताजेपणाचं मात्र साफ चुकीचं. गरम नाश्ता हवाबंद डब्यात भरला की सांडलवंड थांबत नाही, ती आतल्या आत सुरू होते. पोहे तळाशी ओलेगच्च आणि वर वाळलेले, थालीपिठाची कड लिबलिबीत, इडली खालून चिकट, आणि मधल्या सुट्टीत झाकण हिसकलं की निम्मा उपमा बाकावर. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, पाण्याचा बाष्पदाब. तिच्याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे, कारण ती समजली की महागडा डबा घ्यायची गरज बरीच कमी होते.

पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत सुटून हवेत जात असतात आणि हवेतले काही परत येत असतात. बंद जागेत थोड्या वेळाने जाणारे आणि येणारे सारखे होतात. त्या वेळी वाफेचा जो दाब असतो, तो संपृक्त बाष्पदाब. हा दाब जवळजवळ पूर्णपणे तापमानावर ठरतो आणि तापमानाबरोबर तो फार झपाट्याने वाढतो. 30 अंश सेल्सिअसला तो वातावरणाच्या दाबाच्या साधारण 4 टक्के असतो, 50 अंशांना 12 टक्के, 70 अंशांना 31 टक्के आणि 80 अंशांना सुमारे 47 टक्के. 100 अंशांना तो वातावरणाच्या दाबाएवढा होतो, म्हणूनच समुद्रसपाटीला पाणी त्या तापमानाला उकळतं. कढईतून नुकताच काढलेला उपमा 80 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे खोलीच्या तापमानाच्या पाण्यापेक्षा अकरा-बारा पट दाबाने तो वाफ बाहेर ढकलत असतो.

आता झाकण लावू. पदार्थावरच्या रिकाम्या जागेत मुळात वाफ मावते तरी किती? 300 मिलिलिटर जागा धरली तर 80 अंशांनाही त्यात जेमतेम 0.09 ग्रॅम, म्हणजे पाण्याचे दोन थेंब. मग झाकण उघडल्यावर आत पाण्याचे ओघळ का दिसतात? कारण ही वाफ तिथे थांबत नाही. झाकण बाहेरच्या हवेमुळे थंड असतं आणि थंड पृष्ठभागावरचा संपृक्त बाष्पदाब कमी असतो. वाफ झाकणापाशी पोचते, तिचं संघनन होतं, म्हणजे पुन्हा पाणी होतं, जागा रिकामी होते, खालून नवी वाफ येते. पदार्थ आणि झाकण यांच्यात तापमानाचा फरक आहे तोवर हे चक्र चालू राहतं. प्रयोगशाळेतल्या ऊर्ध्वपातनात, म्हणजे द्रवाची वाफ करून ती थंड पृष्ठभागावर पुन्हा जमवण्यात, नेमकं हेच घडतं.

या चक्रातून किती पाणी फिरतं, त्याचा अंदाज शाळेतल्या गणिताने काढता येतो. 200 ग्रॅम उपमा 80 वरून 50 अंशांवर येताना साधारण 21 किलोज्यूल उष्णता देतो (विशिष्ट उष्मा, म्हणजे एक ग्रॅम पदार्थ एका अंशाने निवताना देतो ती उष्णता, 3.5 ज्यूल धरून). एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2.3 किलोज्यूल लागतात, हा अप्रकट उष्मा. बाहेर जाणाऱ्या उष्णतेतली निम्मी जरी वाफेच्या वाटेने गेली, तरी साडेचार ग्रॅम पाणी उपम्यातून उठतं. म्हणजे चहाचा जवळजवळ एक चमचा. ताटात पसरलेल्या उपम्यातून हे पाणी खोलीत निघून जातं. बंद डब्यात ते झाकणावर जमतं, कडेने ओघळतं आणि तळाशी साचतं. पोह्यांचा खालचा थर भिजतो आणि वरचा वाळतो तो असा. बाहेरून थेंबभरही पाणी आलेलं नसतं.

'स्टीलच्या डब्याला घाम येतो, प्लास्टिकच्या नाही' असं बरेचजण सांगतात. स्टील प्लास्टिकपेक्षा कितीतरी पटींनी चांगलं उष्णतावाहक आहे, हे खरं. पण झाकण पातळ असतं आणि उष्णतेची खरी अडवणूक झाकणाबाहेरचा स्थिर हवेचा थर करतो. दीड मिलिमीटर प्लास्टिकचा अडथळा त्या हवेच्या थरापुढे दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. त्यामुळे दोन्ही झाकणांवर पाणी जवळपास सारखंच जमतं.

आता हिसकलेल्या झाकणाकडे. समजा झाकण लावताना आतलं तापमान 70 अंश आहे आणि आतली हवा वाफेने संपृक्त आहे. एकूण दाब वातावरणाएवढा, त्यातले 31 टक्के वाफेचे आणि 69 टक्के कोरड्या हवेचे. तीन तासांनी सगळं 30 अंशांवर आलं. वाफेचा दाब उरला 4 टक्के. कोरडी हवाही थंड होऊन साधारण 61 टक्क्यांवर आली. एकूण झाले 65. रिंग किंचितही हवा आत घेत नाही असं मानलं, तर 12 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर बाहेरची हवा जवळजवळ 40 किलोच्या वजनाएवढी दाबून बसलेली असते. प्रत्यक्षात झाकण थोडं आत वाकतं, रिंग थोडी हवा सोडते, म्हणून जोर याहून बराच कमी असतो. पण सात वर्षांच्या हातांना तोही पुरून उरतो. मूल डबा मांडीत धरून ताकद लावतं, रिंग एकदम सुटते आणि आतला पदार्थ उडतो. काही डब्यांच्या झाकणावर छोटं बूच असतं ते याचसाठी. ते आधी उघडायला मुलांना जरूर शिकवा.

उपाय अर्थातच डबा बंद करण्याआधीचा आहे. पदार्थ ताटात पातळ पसरा. बाष्पदाब तापमानाबरोबर इतका वेगाने बदलत असल्यामुळे बहुतेक वाफ पहिल्या काही मिनिटांतच निघून जाते. कोरडं झाकण पदार्थावर अर्धा मिनिट धरून पाहा. त्यावर दाट धुकं आलं तर अजून थांबा. पावसाळ्यात हवाच दमट, मग वाफ जाणार कुठे, अशी शंका येते. पण कोकणातल्या जुलैच्या हवेतही वाफेचा दाब वातावरणाच्या 3-4 टक्क्यांपलीकडे जात नाही आणि समोर गरम उपमा 47 टक्क्यांनी ढकलतो आहे. वाफ जातेच.

त्याउपर झाकणाखाली सुती रुमालाची घडी ठेवावी. पोळ्या कापडात गुंडाळायची आपल्याकडची जुनी पद्धत या बाबतीत फॉइलपेक्षा सरस आहे. सूत पाणी शोषून धरतं, फॉइल ते परत पोळीवर सोडतं. गरम थालीपिठं किंवा घावन एकावर एक रचू नयेत, आधी जाळीवर सुटे ठेवावेत. इडल्यांचंही तेच.

ओलाव्यावरून आठवलं. डब्यातून मटण किंवा तळलेलं नेताना सोबत कोळसा ठेवायची रीत काही घरांत आजही आहे, बाहेरची बाधा लागू नये म्हणून. हल्ली तिला 'कोळसा ओलावा शोषतो, पूर्वजांचं विज्ञान' असा नवा मुलामा देणारे संदेश फिरतात. चुलीतल्या कोळशाचा एवढासा खडा चमचाभर पाण्याचं काही करू शकत नाही, आणि बाधा नावाची गोष्टच नाही. कोळशाऐवजी रुमाल ठेवा.

अर्थात वाफ घालवायची म्हणून पदार्थ तासभर उघडा टाकायचा नाही. शिजताना पाणी पिऊन फुगलेल्या स्टार्चच्या साखळ्या थंड झाल्यावर पुन्हा जवळ येतात, घट्ट रचल्या जातात, आणि त्यात पाणीही उडालेलं असेल तर इडली दगड होते. साबुदाणा तर जवळपास निव्वळ स्टार्चच, म्हणून त्याची खिचडी लवकर चिवट होते. दाण्याचं कूट आणि तूप सढळ हाताने घातलं तर निदान दाणे एकमेकांना चिकटत नाहीत.

चटण्यांचं पाणी वेगळ्या वाटेने येतं. मीठ ओल्या खोबऱ्यातून आणि काकडीतून पाणी बाहेर ओढतं, तीन तासांत वाटीत तळं होतं. खोबऱ्याच्या चटणीत डाळं जास्त घाला, ते सुटलेलं पाणी धरून ठेवतं. त्याहून बरी शेंगदाण्याची किंवा लसणाची सुकी चटणी, तेलात कालवून इडलीला आधीच चोळलेली. दह्याऐवजी चक्का द्यावा, त्यातलं निवळ आधीच गळून गेलेलं असतं. एवढं करूनही वहीवर हळदीचा डाग पडलाच तर ती उन्हात ठेवा. हळदीतलं कर्क्युमिन उजेडात विघटन पावतं आणि डाग फिका होतो.

फोडणीच्या भाताबद्दल मात्र कडक राहायला हवं. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजताना मरत नाहीत. रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहिला तर ते वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष सकाळच्या फोडणीनेही नष्ट होत नाही. डब्यासाठी भात हवा असेल तर रात्रीच पसरून निववा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी वाफ येईपर्यंत परता. 5 ते 60 अंश ही जिवाणूंच्या वाढीची पट्टी आहे. त्यामुळे पदार्थ तासन्‌तास कोमट ठेवणारा स्वस्तातला 'हॉट' डबा भातासाठी साध्या डब्याहून वाईट.