डाएटिशियन व्हायचं असेल तर: विद्यार्थी आणि पालकांसाठी

आमच्या केंद्रात मधुमेहाचं किंवा किडनीचं पथ्य लिहून घ्यायला येणारे बरेच जण उठता उठता विचारतात, "आमच्या मुलीला या लाइनमध्ये यायचंय, काय करावं लागेल?" दारात उभं राहून सांगण्यासारखं हे उत्तर नाही. अर्धवट माहितीवर कुणाची वर्षं आणि फी वाया जाऊ नये, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

सगळ्यात आधी एक स्पष्ट सांगतो. दोन-तीन महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर डाएटिशियन होता येत नाही. घरच्यांच्या खाण्यापिण्याकडे नीट बघायला ते पुरेल. आजारी माणसाचं ताट ठरवायचं तर पदवी, त्यापुढचं शिक्षण आणि हॉस्पिटलमधलं काम, तिन्ही लागतं.

नोंदणीपर्यंतचा रस्ता

बारावी सायन्स, बायॉलॉजी घेऊन, ही सरळ वाट. पुढे होम सायन्स किंवा न्यूट्रिशन-डायटेटिक्समध्ये बी.एस्सी. त्यानंतर त्याच विषयात एम.एस्सी. किंवा डायटेटिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा. मग हॉस्पिटलमध्ये सहा महिन्यांची इंटर्नशिप, आणि शेवटी इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'आरडी' परीक्षा. ही संस्था १९६३ सालची. परीक्षा पास झाल्यावर 'रजिस्टर्ड डाएटिशियन' म्हणून नोंदणी क्रमांक मिळतो. ठराविक मुदतीनंतर त्याचं नूतनीकरण करावं लागतं, त्यामुळे शिकणं सुटत नाही.

याच्या जोडीला आता कायदाही आला आहे. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात आहारतज्ज्ञांचा समावेश केला. त्याचा एक परिणाम पालकांनी नीट लक्षात घ्यावा: या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला यूजीसीने मनाई केली आहे. अन्न-पोषण आणि क्लिनिकल न्यूट्रिशन त्यात आले. 'घरबसल्या पदवी' अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा जुनी आहे. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाच्या जुहू आवारातलं सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय आणि निर्मला निकेतन, पुण्यात एसएनडीटीचं गृहविज्ञान महाविद्यालय, नागपुरात एलएडी कॉलेज ही लगेच आठवणारी नावं. कुठेही प्रवेश घेण्याआधी कॉलेजला दोन प्रश्न विचारा. इंटर्नशिप कोणत्या हॉस्पिटलमध्ये लावून देता? आणि इथून शिकून आरडी परीक्षेला बसता येतं का? उत्तर लेखी मागा.

वॉर्डात काय शिकतात

आमच्या मते डाएटिशियन घडते ती वॉर्डात. पुस्तकात कॅलरी आणि प्रोटीनचे तक्ते असतात. समोर येतो तो मात्र साठ किलो वजनाचा किडनीचा पेशंट. डायलिसिस सुरू होण्याआधी त्याचं दिवसाचं प्रोटीन साधारण ३६ ते ४८ ग्रॅमवर ठेवतात. डायलिसिस सुरू झालं की हाच आकडा ६० ते ७२ ग्रॅमपर्यंत न्यावा लागतो, कारण डायलिसिसमध्ये शरीरातून प्रोटीन जातं. घरचे गोंधळतात: "काल डाळ कमी करा म्हणालात, आज अंडी खा म्हणता?" तेव्हा त्यांना पटेल असं समजावणं हेच खरं काम. पोटॅशियम वाढलेलं असेल तर भाजी चिरून गरम पाण्यात भिजवायची आणि ते पाणी टाकून द्यायचं, हे सुनेला आणि स्वयंपाकाच्या मावशींना, दोघींना सांगावं लागतं.

कित्येक दिवस पोटात काही न गेलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला दिलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून जिवावर बेतू शकतं. म्हणून तिथे थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असलेल्याला पालेभाजी बंद करायची नसते, रोज साधारण सारखी ठेवायची असते. नाकातल्या नळीने द्यायचा आहार, हॉस्पिटलच्या किचनमधलं लिक्विड-सॉफ्ट-फुल डाएटचं वाटप, डॉक्टरांबरोबरचा राउंड, हे सगळं तिथे उभं राहूनच अंगवळणी पडतं.

माणसाला बोलतं करणं हीसुद्धा शिकायची विद्या. कालच्या दिवसात काय काय खाल्लं हे विचारताना चहाबरोबरची खारी, देवळातला प्रसाद, पोळीवरचं तूप आपणहून कुणी सांगत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते छापले. ज्वारी, नाचणी, राजगिरा सगळं त्यात आहे. पण पेशंटच्या घरची भाकरी केवढी, हे त्यालाच विचारावं लागतं.

काम कुठे मिळतं

हॉस्पिटल आणि स्वतःचा दवाखाना हे तर आहेतच. शिवाय खेळाडूंचे संघ, अन्नपदार्थांच्या कंपन्या, महाविद्यालयात शिकवणं. कुपोषणावर काम करायची ओढ असेल तर मेळघाट-नंदुरबारसारख्या भागात या शिक्षणाचा फार मोठा उपयोग आहे. तिकडे जाणाऱ्या मुलींबद्दल आम्हाला मनापासून आदर वाटतो. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे घरात आधीच बोलून ठेवा. पहिली काही वर्षं हॉस्पिटलमध्ये काढल्याशिवाय स्वतःचा दवाखाना थाटू नये असं आमचं ठाम मत आहे.

परदेशी जायचं असेल तर भारतातली आरडी नोंदणी तिथे आपोआप चालत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून त्यांच्या नोंदणी परीक्षेला बसायलाच पदव्युत्तर पदवी लागते. ब्रिटनमध्ये तिथल्या नियामक संस्थेकडे नाव नोंदवल्याशिवाय स्वतःला डाएटिशियन म्हणवताच येत नाही.

आमच्याकडे येऊन पाहा

दहावी-बारावीच्या मुलामुलींना, पेशंटची हरकत नसेल तर, आमच्या केंद्रात एक सकाळ बसून काम पाहता येईल. त्यासाठी फी नाही. मात्र हे हॉस्पिटल नसल्यामुळे आरडीसाठी लागणारी इंटर्नशिप इथे होत नाही. वेळ आधी फोन करून ठरवा आणि येताना ज्या कॉलेजचा विचार चालू असेल त्याचं माहितीपत्रक बरोबर आणा, आपण एकत्र बसून वाचू.