प्रयोगशाळेतून न्यायालयात : सायंटॉलॉजीच्या वादाची पार्श्वभूमी

सायंटॉलॉजीवर वाद घालणारे दोन पक्ष बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर बोलत नसतात. संशयवादी माणूस विचारतो की या पंथाच्या पद्धतींनी जे घडते असे सांगितले जाते ते खरोखर घडते का, आणि घडत असेल तर ते तपासून पाहता येते का. अनुयायी उत्तर देतो की हा माझा धर्म आहे, त्याचा गुण मला स्वतःला आला आहे आणि बाहेरच्या माणसाने माझ्या श्रद्धेची परीक्षा घेण्याचे कारण नाही. १९५० साली हा वाद जवळजवळ पूर्णपणे पहिल्या प्रश्नावर चालला होता. पुढच्या तीसेक वर्षांत तो दुसऱ्या प्रश्नावर जाऊन बसला आणि पहिला प्रश्न होता तिथेच राहिला.

सायंटॉलॉजीचे संस्थापक एल. रॉन हबर्ड (१९११–१९८६) हे अमेरिकेतील मासिकांतून विज्ञानकथा लिहिणारे लेखक होते. सायंटॉलॉजीच्या आधीच्या 'डायनेटिक्स' या त्यांच्या कल्पनेची पहिली ठळक ओळख वाचकांना झाली तीही 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या विज्ञानकथांच्या मासिकातून, आणि त्याच महिन्यात, म्हणजे मे १९५० मध्ये, त्यांचे त्याच नावाचे पुस्तक बाजारात आले. मानसिक आरोग्याचे आधुनिक विज्ञान, असे ते स्वतःला म्हणवत होते. त्यातील मांडणी थोडक्यात अशी : वेदनेच्या किंवा बेशुद्धीच्या क्षणी आजूबाजूला जे काही घडते, बोलले जाते, ते सगळे मनाच्या एका आंधळ्या कप्प्यात शब्दशः नोंदले जाते; या नोंदींना हबर्ड 'एनग्रॅम' म्हणत. माणसाची भीती, सवयी आणि बरेचसे आजार यांचे मूळ तिथे असते, आणि ते प्रसंग पुन्हा पुन्हा आठवून बोलल्यास नोंद पुसली जाते. सगळ्या नोंदी पुसल्या गेलेला माणूस म्हणजे 'क्लिअर', ज्याची स्मरणशक्ती निर्दोष आणि बुद्धी तल्लख असते. हे प्रसंग आठवून बोलायला लावणारा तो 'ऑडिटर'. मराठी कानाला या शब्दाने मार्चअखेरचा हिशेबतपासनीस आठवतो, परंतु हबर्ड यांना त्याचा मूळ लॅटिन अर्थ अभिप्रेत होता : ऐकणारा.

हे सगळे दावे तपासता येण्याजोगे होते, आणि सुरुवातीला ते तपासलेही गेले. १० ऑगस्ट १९५० रोजी लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये हजारोंच्या गर्दीसमोर हबर्ड यांनी भौतिकशास्त्राची एक विद्यार्थिनी जगातील पहिली 'क्लिअर' म्हणून सादर केली. श्रोत्यांनी तिला प्रश्न विचारले, तेव्हा तिला आपल्याच विषयातले साधे सूत्र आठवेना. हबर्ड पाठमोरे उभे राहिले असता त्यांच्या टायचा रंग कोणता, हेही तिला सांगता आले नाही. लोक उठून जाऊ लागले. नंतर हबर्ड यांनी खुलासा केला की मंचावर बोलावताना आपण 'आता' हा शब्द वापरला आणि त्यामुळे ती वर्तमानकाळात अडकून पडली. पुढच्या सत्तर वर्षांच्या वादाची एक नेहमीची चाल या खुलाशात आधीच दिसते : प्रयोग फसला तर दोष प्रयोगाच्या मांडणीचा, सिद्धान्ताचा नव्हे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ठराव करून आपल्या सदस्यांना सांगितले की या दाव्यांना प्रायोगिक पुराव्याचा आधार नाही आणि म्हणून हे तंत्र केवळ संशोधनापुरतेच वापरावे. १९५३ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील एका डॉक्टरेटच्या प्रबंधात डायनेटिक्सच्या उपचारांनी बुद्धिमत्ता, गणिती क्षमता किंवा व्यक्तिमत्त्व यांत लक्षणीय फरक पडत नसल्याचे नोंदवले गेले. मात्र मला सर्वांत बोलका वाटतो तो फॉक्स, डेव्हिस आणि लेबोविट्स यांचा प्रयोग, कारण त्यात डायनेटिक्सच्या मंडळींनी स्वतः सहकार्य केले होते आणि प्रयोगासाठी माणूसही त्यांनीच दिला होता. त्या माणसाला औषध देऊन बेशुद्ध करण्यात आले, शरीराला वेदना दिली गेली, आणि त्याच वेळी भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील ३५ शब्दांचा एक उतारा त्याच्या कानाशी वाचण्यात आला. हबर्ड यांच्या सिद्धान्तानुसार याहून शुद्ध एनग्रॅम असू शकत नाही. नंतर अनुभवी ऑडिटरांनी तो उतारा बाहेर काढण्याचा दीर्घकाळ प्रयत्न केला. त्या माणसाच्या तोंडून काही मजकूर आला, पण वाचलेल्या उताऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. हा निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाला. एका माणसावरच्या प्रयोगाने सिद्धान्ताचा कायमचा निकाल लागत नाही, हे खरे. पण ज्यांचा सिद्धान्त होता त्यांनी तो प्रयोग अधिक माणसांवर पुन्हा करून दाखवायला हवा होता, अशी अपेक्षा ठेवणे अवास्तव म्हणता येणार नाही.

तोपर्यंत गाडीने रूळ बदलले होते. न्यू जर्सीच्या वैद्यकीय परीक्षक मंडळाने जानेवारी १९५१ मध्ये विनापरवाना वैद्यक शिकवल्याबद्दल हबर्ड यांच्या प्रतिष्ठानाविरुद्ध कारवाई सुरू केली, पाठीराखे डॉक्टर जोसेफ विंटर बाहेर पडले, आणि १९५२ मध्ये प्रतिष्ठान दिवाळखोरीत गेले. याच सुमारास हबर्ड यांनी 'सायंटॉलॉजी' मांडली. आता माणूस म्हणजे मन नव्हे तर 'थेटन', म्हणजे जन्मोजन्मी देह बदलत आलेले अमर चैतन्य, असे सांगितले जाऊ लागले. डिसेंबर १९५३ मध्ये न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे 'चर्च ऑफ सायंटॉलॉजी'ची नोंदणी झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये एका सहकारी महिलेला लिहिलेल्या पत्रात हबर्ड यांनी धर्माच्या बाजूने जाण्याविषयी तिचे मत विचारले होते आणि त्यासोबत पैशांचा हिशेबही मांडला होता. संशयवादी हे पत्र सतत पुढे करतात. अनुयायांची बाजू अशी की ऑडिटिंगच्या बैठकांत लोक आपण होऊन पूर्वजन्मीचे प्रसंग सांगू लागले होते, त्यावरून संस्थेत १९५०-५१ मध्येच खडाजंगी झाली होती, तेव्हा अध्यात्म हे बाहेरून चिकटवलेले लेबल नसून अनुभवातून उगवलेली गोष्ट आहे. दोन्हींना कागदोपत्री आधार आहे, आणि एक खरे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही.

पूर्वजन्माची ही कल्पना आपल्याकडच्या वाचकाला परकी वाटणार नाही. हबर्ड यांनीही आपल्या व्याख्यानांत सायंटॉलॉजीची वंशावळ वेदांपर्यंत नेली होती. त्यांचा भारताशी प्रत्यक्ष संबंध मात्र व्यवहाराचाच आला : १९५९ साली इंग्लंडमधील ईस्ट ग्रिन्स्टेडजवळचा सेंट हिल मॅनॉर हा वाडा त्यांनी जयपूरच्या महाराजांकडून विकत घेतला आणि तिथून जगभरचा कारभार चालवला.

वादाचे स्वरूप कसे बदलले हे पाहायचे तर ई-मीटर हातात घ्यावा. यंत्र साधे आहे. बारावीच्या भौतिकशास्त्रात जो व्हीटस्टोनचा सेतू शिकवतात त्यावर ते चालते. समोरचा माणूस दोन पत्र्याचे डबे दोन हातांत धरतो, शरीरातून अगदी अल्प वीजप्रवाह जातो, आणि त्वचेचा रोध बदलला की तबकडीवरचा काटा हलतो. ऑडिटर प्रश्न विचारत काट्याकडे पाहतो आणि काटा सहज झुलू लागला की तो विषय निवला असे मानतो. संशयवाद्यांचे म्हणणे असे की डबे जरा घट्ट धरले किंवा तळव्यांना घाम आला तरी काटा हलतो, तेव्हा तो मनातला खोल घाव दाखवतो हे कशावरून. जानेवारी १९६३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वॉशिंग्टनमधील केंद्रावर छापा घालून शंभराहून अधिक मीटर जप्त केले, आरोप होता रोग बरे करण्याच्या खोट्या दाव्यांचा. खटला आठ वर्षे चालला. १९६९ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की सायंटॉलॉजी धर्म असल्याचा प्रथमदर्शनी पुरावा आहे आणि धर्ममत खरे की खोटे हे न्यायालय ठरवू शकत नाही. १९७१ मध्ये न्यायाधीश गेसेल यांनी रोगनिदान किंवा उपचार यांसाठी मीटरचा उपयोग सिद्ध झालेला नाही असे स्पष्ट सांगून, धार्मिक समुपदेशनापुरता तो वापरण्यास परवानगी दिली, मात्र त्यावर तशी सूचना हवी. तेव्हापासून मीटरवर असे छापलेले असते की हे यंत्र स्वतःहून काहीही करत नाही. संशयवाद्याला हे वाक्य कबुलीजबाब वाटते. अनुयायाला त्यात काही वावगे दिसत नाही, कारण त्याच्या मते काम करते ते चैतन्य, डबे नव्हेत.

ऑस्ट्रेलियात हाच प्रवास अधिक टोकाचा झाला. व्हिक्टोरिया राज्याने नेमलेल्या केविन अँडरसन यांच्या चौकशीचा अहवाल १९६५ मध्ये आला. त्याने सायंटॉलॉजीला थेट दुष्ट ठरवले, अनुयायांना भ्रमित म्हटले आणि त्यानंतर राज्याने तिच्यावर बंदी घातली. अहवालाची भाषा इतकी जहाल होती की, माझ्या मते, तिने टीकाकारांचेच नुकसान केले. छळ होतो आहे या तक्रारीला त्यातून बळ मिळाले. १९८३ साली त्याच राज्यातील वेतनकराच्या खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पीठाने, सायंटॉलॉजी धर्म असल्याचा निर्णय दिला. अतींद्रिय तत्त्वावरची श्रद्धा आणि त्या श्रद्धेनुसार आचरणाचे नियम, एवढे न्यायमूर्ती मेसन व ब्रेनन यांनी धर्मासाठी पुरेसे मानले. आणि भोंदूगिरी ही धर्मस्वातंत्र्यासाठी मोजावी लागणारी किंमत आहे, असेही लिहिले. संस्थापक प्रामाणिक होता की नव्हता याचा अनुयायांच्या श्रद्धेच्या स्वरूपाशी संबंध नाही, हा त्यामागचा तर्क होता.

टीकाकारांशी चर्चची वागणूक हा वादातला वेगळा धागा आहे, आणि तिथे श्रद्धेचा प्रश्नच येत नाही. १९७१ मध्ये चर्चवर टीकात्मक पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पॉलेट कूपर यांना बॉम्बच्या धमक्यांच्या खोट्या प्रकरणात गोवण्यात आले होते. जुलै १९७७ मध्ये एफबीआयने चर्चच्या कार्यालयांवर छापे घातले तेव्हा त्यासंबंधीची कागदपत्रे सापडली आणि सरकारी कार्यालयांत माणसे घुसवून फायली चोरण्याची 'ऑपरेशन स्नो व्हाइट' ही मोहीमही उघड झाली. हबर्ड यांच्या पत्नी मेरी स्यू यांच्यासह ११ जण दोषी ठरले. हे काही बेबंद व्यक्तींचे कृत्य होते आणि ज्या विभागातून ते घडले तो विभागच बंद केला, असे चर्च सांगते. विरोधी नातेवाइकांशी संबंध तोडण्याच्या 'डिसकनेक्शन' या प्रथेवर मात्र आजही पोटतिडकीने बोलले जाते, कारण बोलणारे बहुधा त्याच घरातले असतात.

पैशांच्या बाबतीत अमेरिकेने दोन वेगवेगळी उत्तरे दिली. ऑडिटिंगसाठी ठरलेल्या दराने रक्कम घेतली जाते, कारण घेतले त्याचा मोबदला द्यावा असे या पंथाचे तत्त्वच आहे. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ मतांनी ठरवले की असा मोबदला म्हणजे करसवलतीस पात्र देणगी नव्हे. चारच वर्षांनी, ऑक्टोबर १९९३ मध्ये, महसूल खात्याने चर्चशी तडजोड केली, चर्चने सव्वा कोटी डॉलर भरले आणि १९६७ मध्ये काढून घेतलेला करमुक्त धर्मसंस्थेचा दर्जा परत मिळवला. याउलट फ्रान्समध्ये २००९ साली पॅरिसच्या न्यायालयाने संघटित फसवणुकीबद्दल संस्थेला दंड केला आणि वरच्या न्यायालयांनीही तो कायम ठेवला. तिथे प्रश्न धर्माचा ठेवलाच नव्हता. ग्राहकाला काय सांगून किती पैसे घेतले, एवढेच पाहिले गेले.

ब्रिटनमध्ये १९७० साली न्यायमूर्ती डेनिंग यांनी ईश्वराची उपासना नाही म्हणून सायंटॉलॉजीच्या चॅपेलला प्रार्थनास्थळ मानण्यास नकार दिला होता, आणि असे म्हणताना बौद्ध मंदिरांचा अपवाद करण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. एका तरुणीला लंडनच्या चॅपेलमध्ये विवाह करायचा होता, त्यावरून हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निकाल बाजूला सारला : ईश्वर हीच कसोटी धरली तर बौद्ध आणि जैनही धर्माबाहेर जातील, आणि तसा भेदभाव आजच्या समाजात चालणार नाही. एनग्रॅम, काटा किंवा थेटन यांपैकी काही खरे आहे का, हे न्यायालयाला ठरवायचे नव्हते. निकालानंतर स्थानिक कारभार पाहणाऱ्या मंत्र्यांनी लगेच चिंता व्यक्त केली, ती त्या इमारतींच्या कराचे आता काय होणार याची.