3054 आणि 5054 : एकाच रस्त्याचं बिल दोनदा?

जळगाव-धुळ्याकडे गावोगावी हा समज वर्षानुवर्षं फिरतोय: एकच रस्ता सरकारी खर्चाच्या हिशेबात 3054 मध्येही दिसला आणि 5054 मध्येही, म्हणजे पैसा दोनदा उचलला. नुसत्या आकड्यांवरून असं ठरत नाही.

ही लेखाशीर्षं आहेत, म्हणजे कोणता खर्च कशावर झाला ते सांगणारे सरकारी हिशेबातले क्रमांक, देशभर सारखे. पहिला अंक खर्चाची जात सांगतो. 2 किंवा 3 म्हणजे महसुली खर्च, जसं देखभाल-दुरुस्ती. 4 किंवा 5 म्हणजे भांडवली, मालमत्ता उभी करणारा. 3 किंवा 5 च्या पुढे 054 आलं, की रस्ते व पूल. शिक्षणाचंही तसंच: 2202 आणि 4202. त्यामुळे एका वर्षी रुंदीकरण आणि पुढे खड्डे बुजवणं, यांची शीर्षं वेगळी असणारच.

तरीही शंका जरूर घ्या. माहिती अधिकारात दोन्ही कामांची मोजमाप पुस्तिका मागा. चोरी असेल तर तिथेच सापडेल.