सिंथेसायझरच्या स्वराला जिवंतपणा कोठून येतो

सिंथेसायझरच्या ऑसिलेटरमधून, म्हणजे लहर निर्माण करणाऱ्या भागातून, निघणारी करवती आकाराची लहर तशीच स्पीकरला दिली, तर ऐकू येणारा आवाज पहिल्या क्षणी भरदार वाटतो आणि थोड्याच वेळात नकोसा होतो. त्या लहरीत सामग्रीची काहीच कमतरता नसते. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सर्व पटींचे उपस्वर तिच्यात असतात आणि त्यांचे बळ क्रमाने निम्मे, एक तृतीयांश, एक चतुर्थांश असे उतरत जाते. मूळ स्वर ११० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ११० कंपनांचा, असेल, तर २२०, ३३०, ४४० हर्ट्झचे उपस्वर त्याच्यासोबत वाजत राहतात. उणीव असते ती बदलाची. आरंभी उपस्वरांचे जे प्रमाण असते तेच शेवटपर्यंत टिकते, आणि माणसाने हाताने छेडलेले किंवा फुंकलेले कोणतेही वाद्य असे वागत नाही. ध्वनिमुद्रित स्वराचा आरंभीचा अगदी लहानसा तुकडा कापून टाकला, तर सरावलेल्या श्रोत्यांचीही वाद्य ओळखण्यात चूक होते, हे प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे.

फ्रेंच संगीतकार व भौतिकशास्त्रज्ञ झाँ-क्लोद रिसे यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रम्पेटच्या स्वरांचे संगणकाने पृथक्करण केले. उपस्वरांचे एकच ठरावीक प्रमाण वापरून ट्रम्पेटचा आवाज तयार होत नव्हता. स्वर उमलताना खालचे उपस्वर आधी येतात व वरचे मागाहून, आणि स्वर जितका जोरकस तितका वरच्या उपस्वरांचा वाटा अधिक, असे त्यांना आढळले. हे साधण्यासाठी त्यांनी प्रत्येक उपस्वराच्या चढउताराचा स्वतंत्र आलेख संगणकाला दिला. सिंथेसायझरमधील फिल्टर एन्व्हलप, म्हणजे फिल्टरला काळाबरोबर हलवणारा आकार, हेच काम ढोबळपणे, पण विलक्षण काटकसरीने करतो: सर्व उपस्वर असलेली लहर घ्यायची आणि कोठपर्यंतचे उपस्वर ऐकू द्यायचे ती सीमा काळाबरोबर सरकवायची.

ही सीमा म्हणजे लो-पास फिल्टरचा, अर्थात सीमेवरचे उपस्वर दाबून खालचे जाऊ देणाऱ्या सर्किटचा, कटऑफ. न्यूयॉर्क राज्यातील ट्रूमन्सबर्ग येथे कार्यशाळा असलेले सिंथेसायझरनिर्माते रॉबर्ट मूग यांनी ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीसारख्या रचून असा फिल्टर तयार केला आणि त्याचे पेटंट त्यांना १९६९ साली मिळाले. शिडीला चार टप्पे असल्यामुळे कटऑफच्या बऱ्याच वर गेल्यावर दर सप्तकामागे आवाज २४ डेसिबलने, म्हणजे लहरीच्या उंचीच्या हिशेबात सुमारे १६ पटींनी, घटतो. माझ्या मते मात्र या रचनेचे सर्वांत मोठे महत्त्व हे, की तिचा कटऑफ विद्युत दाबाने सरकवता येतो. मूग यांच्या पद्धतीत एका व्होल्टला एक सप्तक असे प्रमाण होते. कटऑफ २०० हर्ट्झवर असताना तीन व्होल्ट वाढवले, की तो तीन सप्तके चढून १,६०० हर्ट्झवर पोहोचतो. कान स्वरांमधील अंतर बेरजेने न मोजता पटीने मोजतो, म्हणून ही चढण एकसारखी जाणवते.

आता हवा असतो तो ठरावीक आकाराने चढणारा-उतरणारा व्होल्टेज. तो देणारे सर्किट म्हणजे एन्व्हलप जनरेटर. कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रातील संगीतकार व्लादिमीर उसाचेव्हस्की यांनी १९६५ साली मूग यांच्याकडे मागितलेल्या उपकरणांत चार भागांच्या एन्व्हलपची कल्पना होती, आणि तेच भाग आज अटॅक, डिके, सस्टेन व रिलीज या नावांनी जवळपास प्रत्येक सिंथेसायझरवर दिसतात. कळ दाबताच व्होल्टेज शिखरावर जायला लागणारा वेळ, तेथून खाली यायला लागणारा वेळ, कळ दाबून ठेवली असता टिकणारी पातळी आणि कळ सोडल्यावर विरायला लागणारा वेळ, असा त्यांचा क्रम आहे. तिसरी गोष्ट पातळी आहे आणि उरलेल्या तिन्ही वेळ आहेत, हे आरंभीच नीट समजून घ्यावे, कारण नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

अटॅक सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवून सस्टेन बऱ्यापैकी वर ठेवला, तर रिसे यांनी वर्णिलेले उमलणे ऐकू येते आणि आवाज पितळी वाद्याकडे झुकतो. तीच करवती लहर, पण अटॅक शून्य, डिके सेकंदाच्या तिसऱ्या भागाइतका व सस्टेन शून्य केला, की तार छेडल्याचा भास होतो. एन्व्हलपची मात्रा, म्हणजे तो कटऑफला किती सरकवतो ते प्रमाण, वाढवूनही काही फरक पडत नाही अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. तेव्हा कटऑफ मुळातच इतका वर असतो, की चढायला जागा उरलेली नसते. तो आधी खाली आणावा. पट्टीचाही विचार करावा लागतो. कटऑफ ८८० हर्ट्झवर स्थिर असेल, तर ११० हर्ट्झच्या स्वराचे मूळ स्वरासह आठ घटक त्याखाली बसतात, पण ४४० हर्ट्झच्या स्वराचे दोनच, आणि वरचे स्वर मंद वाटू लागतात. म्हणून कळफलकाचा व्होल्टेजही फिल्टरला जोडतात. १९७० साली आलेल्या मिनीमूग या मूग यांच्या सिंथेसायझरवर त्यासाठी दोन वेगळी बटणे होती.

फिल्टरमधून बाहेर पडलेला आवाज अंशतः परत आत दिला, की कटऑफजवळचे उपस्वर उठून दिसतात. हा रेझोनन्स. तो वाढवून कटऑफ सरकवला, तर उपस्वर एकामागून एक उजळत जातात, आणि तंबोऱ्याची जवारी कानात बसलेल्या मराठी श्रोत्याला हा अनुभव अगदी परका वाटू नये. जवारीदार तार छेडल्यानंतर तिच्यातील उपस्वरांचा तेजस्वी पट्टाही असाच सरकत जातो. रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या लहानशा यंत्राची सारी ओळख या सरकण्यावर उभी आहे. १९८० नंतरच्या दशकात शिकागोच्या नृत्यसंगीतात ते यंत्र गाजले, पण त्याच्या काही वर्षे आधी, १९८२ साली, मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी त्याचा वापर करून राग ध्वनिमुद्रित केले होते. मला ते धाडस फार मोलाचे वाटते.

एन्व्हलप कळेसरशी एकदा चालतो. पुन्हा पुन्हा होणारा बदल हवा असेल तर संथ ऑसिलेटर लागतो. मिनीमूगमध्ये त्यासाठी वेगळा भाग नव्हता, तिसराच ऑसिलेटर त्या कामाला लावत. सेकंदाला पाच-सहा वेळा स्वर हलवला की कंप येतो, कटऑफ हलवला की आवाज उघडतो-मिटतो. हा वेग सेकंदाला वीसच्या पुढे नेला, की कानाला हेलकावे वेगळे कळेनासे होतात आणि नवेच स्वर जन्मतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांना १९६७ साली कंपाचे प्रयोग करताना याची प्रचीती आली. ४०० हर्ट्झची लहर १०० हर्ट्झने हलवली, तर दोन्ही अंगांना ३०० व ५००, पुढे २०० व ६०० हर्ट्झचे घटक उमटतात, आणि हलवणे जितके खोल तितके ते अधिक पसरतात. ही खोली स्वराच्या जोराबरोबर वाढवल्यावर चाउनिंग यांना पितळी आवाज मिळाला, आणि तो शोधताना रिसे यांचाच ट्रम्पेट त्यांच्या मनात होता.

या तत्त्वावरचा यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३ साली आला. त्यात फिल्टर नव्हताच. त्याच्या सहा ऑपरेटरांपैकी, म्हणजे लहर निर्माण करणाऱ्या घटकांपैकी, प्रत्येकाला स्वतःचा एन्व्हलप होता, आणि जो ऑपरेटर दुसऱ्याला हलवतो त्याचा एन्व्हलप झपाट्याने उतरवला, की आरंभीचा झगमगता ठोका क्षणात मवाळ होत असे. कळ किती वेगाने दाबली यावरही ही खोली अवलंबून ठेवता येई, त्यामुळे त्यावरचा इलेक्ट्रिक पियानो जोराने वाजवला असता आवाज मोठा होई आणि त्याबरोबर उजळही होई.